लीक डिटेक्टर घ्यायचा? आधी गच्चीवर चढा

प्रश्न थोडक्यात असा: नागपुरात स्वतःचं दोन मजली घर. खाली सम्प (जमिनीतली टाकी), गच्चीवर हजार-हजार लिटरच्या दोन टाक्या, नवंकोरं मॉड्युलर किचन. घरात दोघंच, आणि दिवाळीनंतर दीड-दोन महिने मुलाकडे बंगळुरूला मुक्काम. मुलाचा आग्रह की घरात वॉटर लीक डिटेक्टर बसवा, तो तिथून मोबाइलवर लक्ष ठेवील. हा खर्च करण्यासारखा आहे का?

तीन-चार साधे, जागीच आवाज करणारे सेन्सर घेण्यासारखे आहेत. गच्चीच्या टाकीला लेव्हल कंट्रोलर (टाकी उतरली की मोटर चालू आणि भरली की बंद करणारं यंत्र) नसेल, तर तो त्याहून आधी घ्यावा. अख्ख्या घराचं पाणी मोजून आपोआप व्हॉल्व्ह बंद करणारं महागडं यंत्र या घरासाठी घेऊ नये. आणि यातलं काहीही घेण्याआधी एक रात्र घालवून, एक रुपयाही न खर्चता, घर आत्ता गळतंय का ते तपासावं. आधीच गळत असलेलं घर सेन्सर लावून कोरडं होत नाही.

ही यंत्रं ज्या घरांसाठी घडवली ती घरं वेगळी. अमेरिकेत रस्त्यावरच्या जलवाहिनीचा दाब थेट घरातल्या नळापर्यंत चोवीस तास उभा असतो. थंडीत पाइपातलं पाणी गोठून पाइप फुटतो. जमीन लाकडाची, भिंती जिप्सम बोर्डाच्या. नळी फुटली आणि घरात कोणी नसलं तर पाणी वाहतच राहतं. म्हणून तिथल्या काही विमा कंपन्या असं यंत्र बसवणाऱ्याला हप्त्यात सूट देतात, आणि पाचशे डॉलरचं यंत्र लोकांना परवडतं. नागपुरात पाइप गोठत नाही, तापतो. मे २०१३ मध्ये इथे ४७.९ अंशांची नोंद झाली आहे. फरशी टाइलची, भिंत विटेची. आपल्याकडच्या 'भारत गृह रक्षा' या १ एप्रिल २०२१ पासून आलेल्या प्रमाणित पॉलिसीत पाण्याची टाकी, उपकरणं आणि पाइप फुटणं किंवा ओसंडणं याचं संरक्षण आहे. पण 'फुटणं' आणि 'ओसंडणं' हे शब्द लक्षात ठेवा. भिंतीत वर्षभर मुरलेली ओल त्यात बसवणं अवघड.

दुसरा फरक त्याहून मोठा. आपल्याकडे नळाचं पाणी मीटरमधून सम्पमध्ये पडतं, मोटर ते गच्चीवर चढवते आणि तिथून ते नुसत्या उतारानं घरात येतं. गच्चीच्या टाकीपासून खालच्या मजल्याच्या तोटीपर्यंत फार तर सहा-सात मीटर उंची. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब, म्हणजे तुमच्या स्वयंपाकघरात अर्धा-पाऊण बार. वॉशिंग मशीनची नळी सुटली तर मिनिटाला दहा-बारा लिटर पाणी बाहेर येईल, दीड तासात टाकी रिकामी होईल आणि पाणी थांबेल. हजार लिटर (दोन्ही टाक्या जोडलेल्या असतील तर दोन हजार) म्हणजे कमी नुकसान नव्हे, पण त्याला तळ आहे. घरात जास्तीत जास्त किती पाणी सांडू शकतं, हे आपल्याकडे टाकीचा आकार ठरवतो.

हा हिशेब एकाच गोष्टीने पार बिघडतो, आणि ती म्हणजे मी वर जिची शिफारस केली तीच: ऑटोमॅटिक लेव्हल कंट्रोलर. खाली नळी सुटली, टाकी उतरली की कंट्रोलर इमानदारीने मोटर सुरू करतो, सम्प उतरला की नळाचं पाणी तो भरतं, आणि टाकीचा तळ नावाची मर्यादा उरतच नाही. म्हणून कंट्रोलर घेताना दोन सोयी पाहायच्या. सम्प कोरडा पडला की मोटर बंद करणारं ड्राय रन संरक्षण, आणि मोटर सलग किती वेळ चालेल याची कमाल मर्यादा. तुमची टाकी तळापासून भरायला घड्याळ लावून ३५ मिनिटं लागत असतील, तर मर्यादा ५० मिनिटांवर ठेवा. कंट्रोलरमध्ये ही सोय नसेल तर मोटरच्या स्टार्टरच्या आधी साधा टायमर लावून मोटरला दिवसातून एकच ठरावीक तास वीज द्यायची. मग टाकीतलं पाणी संपल्यावर, काहीही झालं तरी, दिवसाला त्या एका तासात चढेल तेवढंच पाणी जातं. गळती मर्यादेत ठेवणारा इतका स्वस्त उपाय दुसरा नाही, आणि दुकानदार तो सांगत नाही.

टाकीतल्या प्रोबबद्दलही (पाण्याची पातळी ओळखणाऱ्या सळयांबद्दल) एक सांगून ठेवतो. पाण्यात सतत डीसी करंट सोडणाऱ्या स्वस्त कंट्रोलरच्या सळया काही महिन्यांत झिजतात किंवा त्यांच्यावर क्षारांचा थर चढतो. बोअरचं जड पाणी असेल तर लवकरच. मग टाकी भरली तरी सळईला कळत नाही, मोटर चालू राहते आणि शेजारून आवाज येतो, "काकू, टाकी वाहून राहिली!" (नागपूरचा सगळ्यात जुना आणि अजूनही भरवशाचा लीक डिटेक्टर हाच.) चुंबकीय फ्लोट स्विचवाला (तरंगत्या गोळ्यावर चालणारा) कंट्रोलर घ्या. त्याचा गोळा दर सहा महिन्यांनी पुसला की झालं.

आता बिनपैशाची तपासणी. ती चार तुकड्यांत करायची, कारण पाणी चार टप्प्यांनी येतं आणि प्रत्येक टप्प्याची गळती वेगळी दिसते.

पहिला टप्पा मीटर ते सम्प. नळाला पाणी चालू असतानाच ही तपासणी होते. पाइपात दाब नसेल तर मीटर काहीच सांगणार नाही. सम्पच्या तोंडाशी असलेला कॉक बंद करा, मीटरवरून आणखी कुठे फाटा गेला असेल तर तोही. मीटरचा आकडा लिहा. काळे आकडे पूर्ण युनिटचे, म्हणजे हजार-हजार लिटरचे. लाल आकडे त्याच्या आतले. अर्धा तास थांबा. लाल आकडा किंवा बारीक चक्री हलली, तर अंगणाखालचा पाइप गळतोय. नागपूरच्या बऱ्याच वस्त्या काळ्या मातीवर आहेत. ही माती उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते आणि जुलैत पाणी पिऊन फुगते. त्या ओढाताणीत जमिनीतला ताठ पाइप सांध्यावर तुटतो. दुरुस्ती करताना नुसता सांधा बदलला तर दोन पावसाळ्यांत पुन्हा तेच. पाइपाच्या भोवती सगळीकडून दहा-पंधरा सेंटिमीटर वाळूचा किंवा बारीक मुरुमाचा थर द्यायचा, आणि तो तुकडा शक्यतो एचडीपीईचा (लवचीक प्लॅस्टिकचा), बिनसांध्याचा टाकायचा. मीटरच्या पुढची गळती तुमच्याच बिलात येते.

दुसरा टप्पा सम्प. तो भरायचा, येणारा कॉक आणि मोटर बंद, पाण्याच्या पातळीवर खडूची खूण, आणि रात्रभर सोडायचा. दोन मीटर बाय दीड मीटरच्या सम्पमध्ये एक सेंटिमीटर उतार म्हणजे ३० लिटर. पातळी उतरून एका ठिकाणी थांबत असेल तर तीच तड्याची उंची, तिथेच चौफेर शोधा. तळापर्यंत उतरत असेल तर गळती तळाशीच.

तिसरा टप्पा गच्चीची टाकी ते घर. टाकी भरून, सगळ्या तोट्या बंद करून, झोपायच्या आधी पातळी मोजा आणि पहाटे कोणी उठायच्या आत पुन्हा मोजा. हजार लिटरच्या गोल टाकीत एक सेंटिमीटर म्हणजे आठ-नऊ लिटर. पातळी उतरली असेल तर पुढच्या रात्री टाकीखालच्या लाइनचे कॉक बंद करून बघा. तरीही उतरली तर टाकीच किंवा तिचं कनेक्शन गळतंय. नाही उतरली तर रोज एकेक लाइन उघडत जा. चार रात्रींत कोणत्या लाइनवर गळती आहे ते कळतं, तेही फरशीला छिन्नी न लावता. या सगळ्यासाठी टाकीखालचे कॉक खरंच बंद होणारे हवेत. जुने चक्रीचे गेट व्हॉल्व्ह क्षारांमुळे अर्धवटच मिटतात. ते काढून पाव फेरीचे बॉल व्हॉल्व्ह बसवा आणि प्रत्येकावर पक्क्या रंगाने नाव लिहा: किचन, वरचं बाथरूम, खालचं, सोलर.

चौथा टप्पा फ्लशची टाकी, आणि घरातली सगळ्यात मोठी चोर बहुतेकदा हीच असते. टाकीत चिमूटभर जिलेबीचा रंग टाका, अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर आतलं रबर गेलं. एक वॉशर, काही दहा रुपयांचा. हिशेब करून बघा: सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला साधारण २० लिटर, पण फ्लशमधून मिनिटाला एक लिटर सरकत असेल तर दिवसाला १,४४० लिटर, महिन्याला ४३ युनिट. पाण्याचा दर वापराबरोबर टप्प्याटप्प्याने चढतो, त्यामुळे गळलेली युनिटं तुमच्या वापराच्या वर जाऊन बसतात आणि चढ्या दरानेच मोजली जातात. एवढं पाणी भांड्यातून बिनआवाज ड्रेनेजमध्ये जातं, फरशी ओली होत नाही, आणि कुठलाही सेन्सर ते पकडत नाही.

सेन्सर काय पकडतो, हे त्यामुळे नीट समजून घ्यायला हवं. त्याच्या पोटाखाली दोन धातूचे टोक असतात. दोन्हींना एकदम पाणी लागलं की त्यातून किंचित करंट वाहतो आणि बझर वाजतो. एवढंच. भिंतीच्या आतलं, स्लॅबमधलं, जमिनीखालचं, नहाणी ट्रॅपच्या (नहाणीच्या जाळीखालच्या भांड्याच्या) बाजूने झिरपणारं, पावसाळ्यात गच्चीतून उतरणारं पाणी त्याला दिसत नाही. त्याच्या जागेपर्यंत पाणी वाहत आलं तरच तो बोलतो. म्हणून जागा निवडणं हे नव्वद टक्के काम, आणि ब्रँड उरलेलं दहा.

तुमच्या घरात पहिली जागा ओट्याखाली, सिंक आणि आरओच्या पोटात. आरओच्या पाव इंची नळ्या नुसत्या दाबून बसवलेल्या असतात. फिल्टर बदलायला आलेल्या माणसाने नळी दोन-तीन मिलिमीटर कमी खोचली तरी ती लगेच सुटत नाही, आठवड्याने ठिबकायला लागते. प्लायवूडच्या ट्रॉलीचा तळ भिजून फुगला की तो वाळून पूर्ववत होत नाही, अख्खं खोकं बदलावं लागतं. पाचशे-हजार रुपयांच्या सेन्सरचे पैसे खऱ्या अर्थाने वसूल होण्याची घरातली जागा ही. पण सेन्सर ट्रॉलीत नुसता ठेवून देऊ नका. बंद दारामागे बझर घुसमटतो, वरच्या मजल्यावर ऐकूच येत नाही. एक-दोन मीटर वायरच्या टोकाला प्रोब असलेला प्रकार घ्या. प्रोब आत, बझर बाहेर भिंतीवर. प्रोब कुठे ठेवायचा ते ठरवायला ट्रॉलीखालच्या फरशीवर पेलाभर पाणी ओता आणि ते कुठे जाऊन थांबतं ते बघा. डोळ्यांना सपाट दिसणारी फरशी पाण्याला कधीच सपाट नसते.

दुसरी जागा वॉशिंग मशीनच्या मागे. तिसरी वरच्या बाथरूमच्या दाराबाहेर, उंबऱ्याच्या कडेला. आत ठेवला तर रोजच्या आंघोळीला वाजेल आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही त्याचा सेल काढून ठेवाल. वरच्या बाथरूममध्ये खरा धोका जेट स्प्रेच्या नळीचा. वापरून झाल्यावर नळीत दाब तसाच उभा राहतो आणि जाळीच्या आतली रबरी नळी एक दिवस फुटते. त्याला सेन्सरपेक्षा सवय बरी: भिंतीवरचा अँगल कॉक प्रत्येक वेळी बंद करायचा. चौथी जागा, पीओपीचं छत असेल तर, त्याच्या वर, बाथरूमच्या पाइपाखाली. तिथे छत फुटेपर्यंत पाणी कोणाला दिसतच नाही.

गिझरखाली सेन्सर नको. पाणी तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थोडं ठिबकणं हे त्याचं कामच आहे. त्याला एक नळी लावून ती नहाणीपर्यंत सोडा, पण ते तोंड कधीही, कोणाच्याही सांगण्यावरून, बूच मारून बंद करू नका. आत वाफेचा दाब साठून गिझर फुटू शकतो.

एसीच्या पाण्यासाठी सेन्सर लावणार असाल तर एक गोम आहे. एसीचं पाणी हवेतून निथळलेलं, जवळजवळ क्षाररहित असतं. त्यातून करंट नीट वाहत नाही, आणि स्वस्त सेन्सर त्या पाण्यात बसूनही गप्प राहतो. आरओच्या शुद्ध पाण्याचंही थोडं तसंच. म्हणून सेन्सर तपासताना ओलं बोट लावून बघू नका, घामात मीठ असतं, तो वाजणारच. बशीत दोन-तीन मिलिमीटर तेच पाणी घ्या ज्यासाठी तो लावायचा आहे, आणि त्यात ठेवून बघा. उलटा त्रास पोछा मारताना होतो: फिनाइलच्या पाण्याचा पापुद्र्यासारखा पातळ थर राहिला तरी सेन्सर वाजतो. प्रोबला फरशीपासून मिलिमीटरभर उंच ठेवणारे पाय असलेला घ्या.

सेल एकदा घालून विसरून जायचा प्रकार नाही. साधे झिंक-कार्बन सेल उन्हाळ्यात फुटून आतला पत्रा खातात, अल्कलाइन घाला. गच्चीवर, टिनाच्या शेडखाली किंवा सोलरजवळ सेन्सर ठेवू नका. बऱ्याच सेन्सरची कमाल मर्यादा ५० अंशांची असते, आणि मे महिन्यात टिनाखाली ती सहज ओलांडली जाते.

कूलरचा विषय वेगळा काढावा लागतो, कारण बाहेरगावच्या लेखांत तो सापडत नाही. मार्च-एप्रिलपासून जूनपर्यंत खिडकीतला कूलर पाणी पितो. मोठा कूलर भर उन्हाळ्यात दिवसाला शंभर-दीडशे लिटर सहज उडवतो, त्यामुळे मे महिन्याचं बिल फुगलं म्हणजे गळती आहेच असं नाही. तुलना फेब्रुवारीच्या आकड्याशी करू नका, गेल्या मेच्या आकड्याशी करा. कूलरला बारीक नळी आणि आत छोटा फ्लोट लावून ऑटोमॅटिक भरायची सोय केली असेल तर तो फ्लोट क्षारांमुळे अडकतो, आणि पाणी खिडकीखालच्या भिंतीतून उतरत राहतं. उपाय दोन: कूलरच्या टबाला फ्लोटच्या पातळीच्या वर एक ओव्हरफ्लो नळी काढून ती डोळ्यांसमोर पडेल अशी सोडा, आणि पाणी भरणाऱ्या बारीक नळीच्या सुरुवातीला वेगळा कॉक ठेवा. पावसाळ्यात कूलर उतरवताना नळी नुसती वळवून तार बांधून ठेवतात, ते करू नका. कॉक बंद करून टोकाला बूच लावा.

आता मोठ्या यंत्राकडे. मुख्य पाइपावर बसून वाहतं पाणी मोजायचं, घराची सवय शिकायची आणि विचित्र काही दिसलं की व्हॉल्व्ह मिटवायचा, अशी त्याची कल्पना. तुमच्या घरात ते बसवायचं कुठे? मीटरजवळ बसवलं तर त्याला फक्त सम्प भरताना दिसतो. गच्चीवर बसवायचं तर टाकीखालून एक पाइप नाही, चार-पाच निघतात: किचन, दोन बाथरूम, सोलर, बाग. प्रत्येकावर एकेक यंत्र लावणार? शिवाय ही यंत्रं जलवाहिनीच्या दाबासाठी आखलेली; अर्ध्या बारात त्यांचा दाब उतरण्यावरून गळती ओळखायचा हिशेब डळमळतो. आणि रात्री तासभर पाणी पूर्ण थांबलं की घर ठीक, या गृहीतकावर जे यंत्र चालतं ते नागपुरात एप्रिलपासून गोंधळतं, कारण कूलरचा फ्लोट रात्रभर घोट-घोट पाणी घेतच असतो.

व्हॉल्व्ह आपोआप बंद व्हायलाच हवा असेल तर फक्त किचनच्या लाइनवर एक मोटर लावलेला बॉल व्हॉल्व्ह बसवून तो ओट्याखालच्या सेन्सरला जोडता येतो. इथे होणारी हमखास चूक म्हणजे सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेच्या चुंबकाने उघड-मिट होणारा) घेणं. बाजारात सहज मिळणारे पडद्याचे सोलेनॉइड उघडायला-मिटायला दोन्ही बाजूंच्या दाबात काही किमान फरक मागतात. उताराच्या पाण्यात तो मिळत नाही, मग व्हॉल्व्ह अर्धवट उघडतो किंवा मिटतच नाही. घ्यायचाच तर शून्य दाबावर चालणारा घ्या, नाहीतर सरळ मोटरचा बॉल व्हॉल्व्ह. तो फुल बोअरचा (आतलं भोक पाइपाएवढंच असलेला) हवा, नाहीतर आधीच कमी असलेली धार आणखी बारीक होईल. लाइन पाऊण इंची असेल तर व्हॉल्व्हही पाऊण इंची. महिन्यातून एकदा तो बंद-चालू करायचाच. जड पाण्यात सहा महिने न हललेला गोळा गरजेच्या रात्री हलत नाही. हाताने फिरवायची सोय नसलेला व्हॉल्व्ह कितीही स्वस्त असला तरी नको.

मुलाच्या मोबाइलचं काय? वायफाय सेन्सर वाईट नाही, पण त्याची साखळी लांब आहे. सेन्सर बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवरच चालतो, स्टीलच्या ट्रॉलीत सिग्नल दबतो, वीज गेली की राउटर बंद, आणि फोनची बॅटरी वाचवणारी सेटिंग ॲपला झोपवून ठेवते. मुख्य अडचण याहून साधी: बाहेरगावी जाताना आपण घराचा मेन स्विच पाडून जातो. राउटर त्याच्याबरोबर जातो. मुलाच्या फोनवर दोन महिने शांतता असेल आणि तो समजेल की घर कोरडं आहे. राउटर चालू ठेवायचा तर त्याची वायरिंग वेगळ्या एमसीबीवर घ्या आणि छोटा यूपीएस लावा. आणि समजा सूचना आली, तर बंगळुरूहून काय करणार? ज्याच्याकडे किल्ली आहे आणि कोणता कॉक कुठे आहे हे ज्याला ठाऊक आहे असा एक शेजारी लागतोच.

त्या दोन महिन्यांसाठी म्हणूनच उपाय वेगळा आहे. निघायच्या दिवशी नळाच्या मीटरजवळचा कॉक बंद, मोटरचा स्टार्टर बंद, गच्चीवरचे सगळे कॉक बंद, मग खालच्या तोट्या एकदा उघडून लाइनमधलं पाणी सोडून द्यायचं आणि तोट्या पुन्हा मिटायच्या. गिझरची वीज बंद. पाइपात पाणीच नसेल तर गळणार काय? सोलर मात्र पूर्ण कोरडा करून उन्हात सोडू नका; काचेच्या नळ्यांचा असेल तर कोरड्या तापलेल्या नळ्यांत नंतर गार पाणी शिरलं की त्या तडकतात. त्याची थंड पाण्याची लाइन तेवढी चालू ठेवा, गरम पाण्याची घरात येणारी बंद करा. परत आल्यावर कॉक एकेक करून, हळू उघडा, आणि प्रत्येक खोलीत फिरून या.

घरात प्रेशर पंप बसवला असेल किंवा बसवणार असाल तर वरचं काही बदलतं. दाब दीड-दोन बारपर्यंत जातो आणि नळ्या फुटण्याचा संभव खरोखर वाढतो. पण तो पंप स्वतःच फुकटचा डिटेक्टर आहे: सगळ्या तोट्या बंद असताना रात्री तो थोड्या-थोड्या वेळाने आपोआप गुरगुरत असेल, तर कुठेतरी पाणी जातंय किंवा त्याचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारा) गळतोय.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी माझं उत्तर जास्त 'हो'कडे झुकतं. तिथे वरची टाकी सोसायटीची, दहा-वीस हजार लिटरची, म्हणजे टाकीच्या आकाराची मर्यादा फारशी उपयोगाची नाही. उंच इमारतीत खालच्या मजल्यांना दाबही दोन-तीन बार मिळतो, आणि भिजतं ते खालच्या घराचं छत. तिथे किचन आणि प्रत्येक बाथरूमबाहेर एकेक सेन्सर लावावा, आणि डक्टमधले आपल्या घराचे कॉक कुठले ते आजच शोधून त्यांना खूण करून ठेवावी.

सखल भागातल्या घरांना आणखी एक सेन्सर उपयोगी पडतो, आतल्या गळतीसाठी नाही तर बाहेरच्या पाण्यासाठी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत लोक झोपेत असताना पाणी शिरलं. पोर्चमध्ये, सम्पच्या मोटरच्या पायाशी ठेवलेला एक जोरात वाजणारा सेन्सर अशा वेळी काही मिनिटं हातात देतो. त्या मिनिटांत पहिलं काम मोटरची आणि खालच्या मजल्याची वीज बंद करणं, गाडी हलवणं नंतर.

भिंतीत ओल आधीच दिसत असेल तर सेन्सर विसरा. प्लंबरकडून हाताने चालवायचा हायड्रो टेस्ट पंप मागवा. गिझर आणि लवचीक नळ्या सोडवून, तोंडं बुचांनी बंद करून, लाइन पाण्याने भरा, हवा काढा आणि पाच बारपर्यंत दाब द्या. अर्ध्या तासात काटा उतरला तर पाइप दोषी, मग गरम आणि थंड लाइन वेगळी तपासा. काटा जागचा हलला नाही तर पाइप निर्दोष. मग नहाणी ट्रॅप, टाइलचे सांधे आणि वॉटरप्रूफिंगकडे वळा. हे न करता जो मिस्त्री पहिल्या दिवशी फरशी फोडायला निघतो त्याला चहा पाजून परत पाठवा. गळती सापडलीच तर ती बहुधा सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणारा प्लॅस्टिकचा) पाइप पितळी आट्यांच्या सांध्याला जोडलेल्या ठिकाणी किंवा पीव्हीसीचं सोल्युशन वापरून सीपीव्हीसी चिकटवलेल्या सांध्यावर असते.

खरेदीचं शेवटी. ओट्याखाली वायरच्या प्रोबवाला एक, वॉशिंग मशीनमागे एक, वरच्या बाथरूमबाहेर एक, पीओपीचं छत असेल तर त्यावर चौथा. सेल बदलता येणारेच घ्या, सील केलेले नकोत. आणल्यावर प्रत्येकाच्या पाठीवर सेल घातल्याची तारीख मार्करने लिहा. वर्षातून दोनदा, कूलर लावताना आणि कूलर उतरवताना, बशीतल्या पाण्याने चारही वाजवून बघा आणि प्रोब व्हिनेगरच्या फडक्याने पुसून घ्या.